शिडाचा बस्ता

साहेब, तुम्ही वाऱ्याला सरळ चालायला सांगितलंत. तो चालला नाही, आणि शिक्षा मला केलीत.

तुमच्या खात्याचं नाव मी इथं लिहीत नाही. भितो म्हणून नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणणार, पाणी आमचं खरं, पण पाण्यावरचं काही आमच्याकडं येत नाही. आणि ज्यांच्याकडं पाण्यावरचं येतं ते म्हणणार, होडी आमच्याकडं येते, पण तिचा बुडालेला भाग शेजारच्या खोलीत विचारा. या खेळात माझ्या चपला झिजल्यात. म्हणून नुसतं साहेब म्हणतो. ज्याला लागेल त्यानं ओ द्यावी.

मी नांदेडात मोटारी भरायचं दुकान चालवतो. विहिरीवरची जळालेली मोटार आणा, तांब्याची नवी तार भरून देतो. शाळेनं मला आणि मी शाळेला लवकर सोडलं. जे येतं ते उघडून बघून, जाळून बघून आणि रिकाम्या वेळी फोनवर व्हिडिओ बघून आलेलं आहे. होडी का बांधली, हे विचारू नका. तुम्ही घरावर दुसरा मजला का चढवला, हे मी विचारलं का? मूळचा मी लातूरकडचा. ज्या शहराला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आलं, तिथल्या माणसानं शिडाची होडी बांधावी याचं लोकांना लई नवल. माझी थोरली बहीण गंगम्मा लातूरजवळच्या मुरूडला असते. ती फोनवर म्हणायची, "पान्याला टँकर लागतो तितं तू जहाज आनायलास? डोस्कं ठिकानावर हाय न्हवं?" मी म्हणायचो, अक्का, ज्याच्या दारात समुद्र असतो तो समुद्राकडं पाठ करून टीव्ही बघतो. पाण्याची हौस आपल्यालाच असायची.

होडी म्हणजे जोडहोडी. व्हिडिओवाले तिला कॅटमरान म्हणतात. देवणीची बैलजोडी डोळ्यापुढं आणा. दोन बैल, वर जू. तशा दोन अरुंद होड्या, वर आडवे पाइप, आणि मधल्या मोकळ्या जागेत ताणलेली जाळी. जाळी परदेशातून मागवायची असते म्हणे. मी बाजेची नवार विणली. एका होडीत आडवं व्हायला फळी, दुसरीत स्टोव्ह. निघावं, वाटेल तिथं नांगर टाकावा, पिठलं करावं, झोपावं. एवढीच महत्त्वाकांक्षा. राज्य नको होतं मला.

नांदेडच्या वरच्या अंगाला गोदावरीचं अडवलेलं पाणी आहे, त्याच्या काठाला हणमंतरावांचं शेत आहे. त्यांची मोटार मी दरसाल भरतो आणि ते ती दरसाल जाळतात, असा आमचा घरोबा. होडी त्यांच्या बांधाखाली बांधली आणि पहिल्याच आठवड्यात तुमचा माणूस आला. कागदावर रकाना होता, इंजिनाचा प्रकार. मी लिहिलं, वारा. तो म्हणाला, "वारा यादीत न्हाई. डिझेल हाय, पेट्रोल हाय, बॅटरी हाय." मी म्हणालो, मग खाली रेघ ओढून लिहा की. तो म्हणाला, रेघ ओढायचा अधिकार त्याला नाही.

त्यावर तुम्ही स्वतः तोड काढलीत, हे मी नाकारत नाही. तुम्ही म्हणालात, बिनइंजिनाची होडी स्वबळावर काठाला परत येते एवढं दाखवा. पाण्यातल्या त्या पंपाच्या मनोऱ्यापासून घाटापर्यंत या. आलात तर राहू द्या, नाही आलात तर होडी बाहेर काढून मोडीत. मला हे ऐकून हसूच आलं होतं. पावसाळ्याचे दिवस, वारा पश्चिमेचा, मनोरा पश्चिमेला आणि घाट पूर्वेला. वारा थेट पाठीत. डोळे झाकून येईन, असं मी चारचौघांत बोललो. ते बोलणं मला पुढं फार महाग पडलं.

साहेब, तुम्ही कधी वाऱ्याच्या पुढं चालला आहात का? मी चाललो त्या दिवशी. मनोऱ्यापाशी दोन्ही शिडं चढवली, तोंड घाटाकडं केलं, आणि वारा नाहीसा झाला. झाडं हलत होती, पाण्यावर लाटा होत्या, फक्त माझ्या होडीवर वारा नव्हता. मागचं मोठं शीड पुढच्या धाकट्या शिडाच्या वाटचा सगळा वारा खाऊन बसलं होतं, आणि धाकटं आपलं लोंबत होतं, थोरल्या भावाच्या लग्नात धाकटा लोंबतो तसं. आम्ही सरकत होतो, नाही असं नाही. पण मधे हणमंतरावांच्या म्हशी पोहायला उतरल्या. त्या माझ्या डाव्या अंगानं आल्या, एकीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि पुढं गेल्या. घाटावर माणसं होती. सगळ्यांनी बघितलं.

तुम्ही म्हणालात, "वारा पाठीशी असताना ही गत, मग वारा तोंडावर आल्यावर काय करता?"

मी म्हणालो, तोंडावर तिरका असला तर पळते साहेब, आडवा असला तर लईच पळते. पाठीशी असला की अडचण होते.

तुम्ही हसलात. हणमंतरावसुद्धा हसले, आणि ते तर माझ्या बाजूचे. पण तुम्ही आणखी एक संधी दिलीत. पुढच्या महिन्यात, हाच मार्ग, आणि ही शेवटची. मार्ग हा शब्द तेव्हा मी नीट ऐकला नाही.

घरी आलो तो एकच प्रश्न घेऊन. जो वारा झाडं वाकवतो तो मागून आल्यावर जातो कुठं? दोन रात्री मी जेवताना पापड उभा धरून त्यावर फुंकर मारत होतो. मंजुषानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, विचारलं, "म्हशीचं मनाला लागलं का?" मी म्हणालो, म्हशीचं नाही, वाऱ्याचं लागलंय. मग व्हिडिओ उघडले. मागच्या वाऱ्याचं शीड वेगळं असतं, एवढं ऐकून होतो. वाटलं, एक प्रकार असेल, घेऊन टाकू. तो अख्खा गोतावळा निघाला.

एक असतं, अर्धं कलिंगड कोरून उभं धरावं असं गोल. दोन्ही बाजू सारख्या. वारा बरोब्बर पाठीत असला तर याच्यासारखं कोणी नाही, पण दोन्ही खालची टोकं सतत सांभाळावी लागतात, जरा दुर्लक्ष झालं की फतकल मारतं. दुसरं असतं लंगडं. एक कड लांब, एक आखूड. पुढचं टोक होडीच्या नाकाला बांधायचं, मागचं मोकळं टोक दोरानं हातात धरायचं. वारा मागून पण तिरका लागला तर हे पिसाटतं, थेट मागून लागला तर रुसतं. तिसरी तऱ्हा म्हणजे दोन धाकटी शिडं दोन बाजूंना पसरायची, बुजगावण्यासारखी. आणि चौथं एक सपाट, तलम, हलक्या आडव्या वाऱ्याचं, ज्याचा माझ्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता, तरी मी त्याचे सगळे व्हिडिओ बघितले. एक दाढीवाला गोरा म्हणायचा गोलच घ्या. त्याच्या मागं बसून त्याची बायको दोर ओढायची, आणि तिच्या तोंडाकडं बघून मला वाटायचं, लंगडंच घ्यावं.

ऐकीव गोष्टीवर मी मोटारसुद्धा उघडत नाही. म्हणून प्रयोग केला. लेक सृष्टी लहान असतानाचा फुगवायचा हौद माळ्यावर होता, तो गच्चीवर मांडून भरला. दोन रबरी चपला घेतल्या, आडव्या काड्यांनी जोडल्या, काडीची डोलकाठी, आणि मंजुषाला कुठल्याशा हळदी-कुंकवात आलेल्या खणाचं शीड. हौदाच्या एका टोकाला कूलर लावला. आता या वयाचा माणूस गच्चीवर चपला तरंगवायला लागला की गल्लीला वेगळं निमंत्रण लागत नाही.

शेजारचे नरसिंगराव रेल्वेतून रिटायर झालेले. ते कठड्यावर कोपरं टेकून म्हणाले, "घाटात गाडीला मागून इंजिन लावतात. तुमचा वारा तसा हाय. पन रूळ कुठं हायत? मागून रेटलं आन् रूळ नसला तर गाडी आडवी जाती."

"आडवी गेली तर काय होतं तेच बघायलोय," मी म्हणालो.

"काय होनार? चौकशी लागती."

हे त्यांनी उगीच म्हटलं होतं, पण बघा कसं खरं झालं.

चपला कूलरच्या नाकासमोर सरळ धरून सोडल्या, की रमतगमत जायच्या. जराशा तिरक्या धरून सोडल्या, की सुटायच्या आणि हौदाच्या कडेला धडकायच्या. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी ओला होईपर्यंत केलं. मग डोक्यात उजेड पडला. सरळ पळणारी होडी वाऱ्याच्याच दिशेनं पळते, म्हणजे वाऱ्यापासून पळते. जितकी जोरात पळेल तितका वारा तिला कमी लागेल. चोरानं पोलिसाच्या पुढं पळावं आणि तक्रार करावी की पोलीस दिसत नाही, असा प्रकार. तिरकी गेली की तिचा स्वतःचा वारा तयार होतो, तो मागच्या वाऱ्यात मिसळतो, आणि शिडात सदा भरलेला राहतो. म्हणजे लांबच्या वाटेनं गेलेली लवकर पोचते. साहेब, मी त्या गच्चीवर इतका खूश झालो की नरसिंगरावांना मिठी मारली. ते कोरडे होते, त्यामुळं त्यांना ते आवडलं नाही.

मंजुषाला सांगितलं, तिरकं गेलं की पळतं. ती म्हणाली, "ते मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं."

तर शीड ठरलं, लंगडं. जोडहोडीला ते फार सोयीचं, कारण तिला दोन नाकं असतात, टोक या नाकाला बांधा नाहीतर त्या. आता कापड. छत्रीच्या कापडाहून तलम नायलॉन लागतं, आणि पुष्कळ लागतं. माझा मेव्हणा सोमेश, त्याचं लातुरात गंजगोलाईत कापडाचं दुकान. त्याला फोन केला. म्हणालो, सोमेश, लई कापड लागतंय. झुळझुळीत पाहिजे. आणि इथंच माझी चूक झाली. मी पुढं म्हणालो, "सध्या घरात बोलू नको." कारण मंजुषाचा खण चपलांना लावल्याचं प्रकरण ताजं होतं.

सोमेश म्हणाला, "आलं ध्यानात दाजी. काई काळजी करू नका."

त्याच्या ध्यानात काय आलं, ते मला लातूरला पोचल्यावर कळलं. आमच्याकडं घरात वयात आलेली लेक असताना बापानं गुपचूप भरपूर कापड मागितलं, तर त्याचा अर्थ एकच होतो. दुकानाबाहेर गाड्या होत्या. आत पांढरी गादी अंथरलेली, लोड मांडलेले, चहाचे कप फिरत होते. मधोमध माझ्या सासूबाई, शांतम्मा, कुंकवाचा करंडा घेऊन बसलेल्या. शेजारी मुरूडहून गंगम्मा आलेली. देवणीचे मावससासरे, त्यांच्या दोन सुना. आणि सकाळच्या बसनं माझ्या आधी येऊन पोचलेली, डोळे लाल केलेली मंजुषा.

"कोन हाय मुलगा?" तिनं मला विचारलं.

"कसला मुलगा?"

"माझ्या लेकीचं लगीन ठरतंय आन् मला म्हायेरातून कळायलंय. कोन हाय, काय करतो, एवढं तरी सांगा."

शांतम्मा म्हणाल्या, "जावईबापू, सोयरीक जमली, आनंद हाय. पन बस्ता फाडायला मान्सं बोलवायची असतात, चोरावानी येत न्हाईत."

आता वाचणाऱ्यात कोणी आमच्या भागातला नसेल तर सांगतो. बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडाची खरेदी, आणि बस्ता म्हणजे लग्नाहून अवघड गोष्ट. लग्नात जो येत नाही त्याला विसरतात. बस्त्याला ज्याला बोलावलं नाही तो नातवंडांच्या मुंजीपर्यंत, किंवा आमच्यात दीक्षेपर्यंत म्हणा, विसरत नाही. मी घाम पुसून खरं सांगितलं. शिडाला पाहिजे कापड. होडीच्या. मागच्या वाऱ्याच्या.

सोमेशच्या हातातला गज तसाच राहिला. तेवढ्यात मंजुषाचा फोन वाजला, सृष्टी होती, तिकडं संभाजीनगरला कॉलेजात. तिला कोणीतरी आधीच मेसेज टाकलेला. स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं, "पप्पा, ठरवलं ते ठरवलं, निदान फोटो तरी पाठवा." मी म्हणालो, बाळा, तो होडीचा पाठवू का? तिनं फोन ठेवला.

मला वाटलं, आता माणसं उठतील, मला शिव्या घालतील आणि मी तागा घेऊन जाईन. पण शांतम्मा हलल्या नाहीत. म्हणाल्या, "गादी पसरली, कुंकू काढलं, लांबून मान्सं आली. मोकळ्या हातानं उठायचं न्हाई. नवरी नसू दे, होडी बाईमान्सातच मोडती का न्हाई?"

"मोडते," मी म्हणालो.

"मंग काड रे सोमेश कापड."

साहेब, जगात कुठं शीड असं निवडलं गेलं असेल तर मला कळवा, मी त्या माणसाला भेटायला जाईन. सोमेशनं पोपटी नायलॉनचा तागा उलगडून गादीवर फेकला. तो हवेत तरंगत खाली आला आणि माझा जीव सुखावला. हेच ते. शांतम्मांनी हात खाली घालून बघितलं.

"इश्श. बोटं दिसायलीत. चारचौघांत उभी ऱ्हानार ती, आन् असलं आरपार नेसवता?"

"मामी, तिला जड झेपत नाही. हलका वारा असला तर जड कापड उभंच राहत नाही."

"आमी जड नेसून उभ्या हाव का न्हाई?"

त्यांनी जांभळं निवडलं, जाड, त्याला जरीचा काठ. तेव्हा गंगम्मा सरसावली. ती वरपक्षाची, म्हणजे माझी, बाजू. तिनं आयुष्यात होडी बघितली नव्हती, पण शांतम्मांनी जाड म्हटल्यावर तिचं मत पातळच असणार. "माझा भाऊ म्हनतो पातळ, तर पातळच घ्या. होडी आमच्या घरची हाय." शांतम्मा म्हणाल्या, "आन् लेक कोनाच्या घरची हाय?" इथून पुढं बोलणं होडीवर राहिलं नाही. माझ्या लग्नात कोणाला कोणती जागा दिली, कोणाच्या ताटात उशिरा वाढलं, हे सगळं त्या पोपटी कापडावर सांडलं. मी मधे मधे सांगत होतो की वाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. देवणीच्या मावससासऱ्यांनी अखेर तोडगा काढला, निम्मं त्यांचं, निम्मं यांचं. पुढची कड जांभळी जरीकाठी, मागचा फुगा पोपटी.

"माझं सदा मागंच का?" गंगम्मानं विचारलं.

मी म्हणालो, अक्का, ओढतो तो मागचाच भाग. ती शांत झाली. खरं तर मी ते अंदाजानं बोललो होतो, पण घरी येऊन बघितलं तर पुढच्या कडेला जाड पट्टी लावतातच म्हणे. वाऱ्याची धार तिथं लागते. म्हणजे दोन बायांच्या मानपानातून जे निघालं ते अगदीच चुकीचं नव्हतं. हे कसं झालं, याचा मी अजून विचार करतोय.

शिवायला दिलं लग्नाचे मंडप शिवणाऱ्याकडं, कारण एवढं लांब मशीन त्याच्याच घरी. त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या, शीड शिव, आणि शीड उतरवताना त्यावर ओढायला लांब खोळ शिव. त्यानं शीड शिवलं, खोळ विसरला, आणि न सांगता खालच्या कडेला झालर लावली. म्हणाला, झालरीशिवाय त्यानं आजवर काही दिलेलं नाही, नाव खराब होतं. उसवायला वेळ उरला नव्हता. दिवस उजाडला.

घाटावर तुम्ही खुर्ची टाकून बसला होता साहेब. आणि दोन जीपभर माझे पाहुणे होते. बस्त्याला होते त्यांनी कापड अंगावर चढताना हजर राहायचं, असं शांतम्मांचं म्हणणं. त्यांना होडीची ओटी भरायची होती. हणमंतरावांच्या डिझेलच्या होडीनं मला ओढत मनोऱ्यापाशी नेलं, तर शांतम्मा घाटावरूनच चढून माझ्या नवारीवर मांडी घालून बसलेल्या. नारळ, तांदूळ, खण, सगळं ठेवलं, कुंकू लावलं. मी म्हणालो, मामी, आता हणमंतरावांच्या होडीत बसा. त्यांनी नवार दाबून बघितली, म्हणाल्या, "बरी ताणली. बसते मी." हणमंतराव तोवर दोर सोडून निघालेले.

शीड चढवलं. पोपटी भाग एकदम फुगला, जरीचा काठ ताठ झाला, झालर फडफडायला लागली. मला एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात मोठ्या शिडाचा दोर, आणि या नव्या शिडाचा दोर धरायला तिसरा हात नव्हता.

"मामी, हे जरा धरा. ओढ लागंल. सोडू नका."

"दाव्याला धरून गाय आनलेला हात हाय माझा. तुमी तुमचं बघा."

मी होडी तिरकी केली. घाट पूर्वेला, आम्ही निघालो ईशान्येला, पलीकडच्या काठाकडं. आणि साहेब, ती पळाली. दोन्ही नाकांखाली पाणी फसफसायला लागलं. नवारीखालून पाणी मागं जाताना दिसत होतं. वारा मागून होता, तरी आता तो गालाला लागत होता, बाजूनं, थंड. हाच तो वारा, गच्चीवर ओळख झालेला. शांतम्मांनी मान वळवून घाटाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "गाव तर तिकडं ऱ्हायलं."

"हो मामी. आधी इकडं जायचं, मग वळायचं."

"कामून?"

मी सांगितलं. चोर, पोलीस, गाल, सगळं. मोटार भरताना गिऱ्हाइकाला सांगतो तसं. त्या ऐकत होत्या, हातातला दोर जरा सैल सोडून बघायच्या, जरा ओढून बघायच्या, आणि शिडाच्या कडेकडं बघायच्या. "ढिलं सोडलं की काठ वळायलाय," त्या म्हणाल्या, "मंग ओढलं की सरळ व्हायलाय. एवढंच हाय का?" मी म्हणालो, एवढंच आहे. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी सलग इतकं बोललो नव्हतो. त्यांनाही माझं बोलणं मधे तोडायचं सुचलं नाही.

घाटावर काय चाललं होतं ते नंतर मंजुषानं सांगितलं. होडी पलीकडं निघालेली बघून तुम्ही खुर्चीवरून उठलात, म्हणालात भरकटली. गंगम्मा म्हणाली, माझा भाऊ भरकटनारा न्हाई, जरा थांबा. तुम्ही थांबला नाहीत. कागद मांडीवर घेतलात आणि लिहून टाकलंत, होडी नियोजित मार्ग सोडून गेली, चाचणी अयशस्वी. तेव्हा आम्ही मध्यावरही नव्हतो. तुमचा माणूस आम्हाला वाचवायला मोटारसायकलवर पलीकडच्या काठाला निघाला. तो पलीकडं पोचला तेव्हा आम्ही तिथं नव्हतो.

कारण आम्ही वळलो होतो. मी म्हणालो, मामी, डोकं खाली. शीड पुढून फिरून दुसऱ्या अंगाला गेलं, झालर त्यांच्या पदरात अडकली, त्यांनी ती हिसडून काढली आणि दोर न सांगता दुसऱ्या हातात घेतला. आता तोंड घाटाकडं. वारा वाढला होता. आम्ही येत होतो ते मलाच भीती वाटावी असं येत होतो, आणि तेव्हा मला आठवलं की खोळ नाही. शीड गुंडाळता येणार नव्हतं. दोर मोकळा केला, शीड फडाफडा वाजायला लागलं, पण दोन होड्या एकदा पळायला लागल्या की ऐकत नाहीत. मी ओरडलो, मामी, पुढचा दोर फेका, कोणीतरी धरा.

त्यांनी फेकला. नेमका. आणि तुम्ही झेललात.

साहेब, ते तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. समोरून दोर आला की माणसाचा हात जातो. तुम्ही तो गच्च धरलात, होडीनं तुम्हाला दोन पायऱ्या खाली ओढलं, तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहिलात आणि होडी थांबली. तुमचे बूट भिजले याबद्दल मी दिलगीर आहे, तेव्हाही म्हणालो होतो, आता लिहूनही देतो. गंगम्मानं तुम्हाला कुंकू लावलं, तेही तुम्हाला रुचलं नाही. पण त्यानंतर तुम्ही ओल्या पायानं वर जाऊन खुर्चीवर बसलात, मी विचारलं, साहेब, आलो ना? आणि तुम्ही म्हणालात, मार्ग सरळ दिलेला होता, तुम्ही वाकडे आलात, लिहिलेला शेरा बदलता येत नाही. होडी काढून घ्या, नाहीतर सोमवारी आमचा ट्रॅक्टर काढेल.

सोमवार आला आहे. मी ट्रॅक्टर अडवणार नाही, मला भांडता येतं पण ट्रॅक्टरशी नाही. अडचण वेगळी आहे. शांतम्मा लातूरला गेलेल्या नाहीत. सकाळपासून नवारीवर बसल्यात, सोमेश दोनदा न्यायला येऊन गेला. दोर धरून बसल्यात आणि वारा सुटला की कडेकडं बघतात. मी म्हणालो, मामी, उतरा, सरकारी काम आहे. त्या म्हणाल्या, "माजं एकच इचारनं हाय. तेवढं कळलं की उतरते." मला विचारतायत, पण उत्तर माझ्याजवळ नाही, मी चारदा प्रयत्न केला.

म्हणून ट्रॅक्टरच्या आधी तुम्ही या साहेब. माणूस पाठवू नका, स्वतः या. जी होडी पोचलीच नाही, तिचा दोर तुमच्या हातात कसा आला, एवढं त्यांना समोर बसून सांगा.